पात्यात दोष नाही

“मूठ जाड आहे,” अण्णा म्हणाले.

मी वही उघडली. “जुन्या चाकूच्या मुठीचा घेर एकसष्ट मिलिमीटर. ह्याचा साठ.”

“असंल.”

“म्हणजे ही बारीक आहे, अण्णा.”

“हाताला जाड लागते गो, बाय.”

लांज्याजवळच्या खातूशेटांच्या रोपवाटिकेत, कलमं बांधायच्या मांडवात आम्ही बसलो होतो. समोरच्या पाटावर अक्रोडाच्या मुठीचा, घडी होणारा, परदेशी बनावटीचा चाकू होता. तो मीच तिथे ठेवला होता, कारण माझ्या हातातून अण्णांनी तो घेतला नसता. चाकू हातात दिला की भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात. पाटावर ठेवूनही भांडण चालूच आहे, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं.

“तुझी टिंगल राहू दे,” ते म्हणाले आणि त्यांनी आपला जुना चाकू उचलला.

पाटावरचा हा मी आणलेला तिसरा चाकू होता. सात तासांचा एसटीचा प्रवास करून मी तो आणला होता, आणि तो पाच मिनिटांत नापास झाला होता.

अण्णांनी, म्हणजे माझे वडील यशवंत घवाळी ह्यांनी, त्या रोपवाटिकेत अडतीस वर्षं आंब्याची कोय कलमं बांधली. कोय रुजून वर आलेला पंधरा दिवसांचा तांबूस कोंब घ्यायचा, त्याचा शेंडा उडवायचा, मध्ये खाच पाडायची. मग चांगल्या झाडाची काडी दोन्ही अंगांनी तासून तिची पाचर करायची आणि ती त्या खाचेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं आवळायची. पाचरीचं प्रत्येक अंग एकाच ओढीत, सपाट निघायला हवं. दुसऱ्यांदा पातं फिरवलं की पृष्ठभागावर पायरी पडते, सांध्यात फट राहते आणि कलम कुजतं. अण्णांची शंभरातली नव्वद कलमं जगत. हा आकडा अनेक वर्षं हलला नव्हता. मग तो एका हंगामात अठ्ठ्याहत्तरवर आला आणि त्याच्या पुढच्या हंगामात बासष्टवर.

मोजणं सोपं होतं. खातूशेटांकडे बांधणाऱ्या प्रत्येकाच्या पट्टीचा रंग वेगळा असे. अण्णांची निळी, सुगंधा मांडवकरची लाल. सुगंधाला बांधायला अण्णांनीच शिकवलं होतं. महिन्याभरानं ओळींतून एक फेरी मारली की कोणाची किती जगली ते कळायचं. बासष्टचा आकडा आला तेव्हा खातूशेट चारचौघांत म्हणाले होते, “यशवंतराव, येत्या हंगामात बघू. नाहीच जमलं तर तुम्ही आपले पिशव्या भरायला बसा. सावलीतलं काम आहे.” पिशव्यांत माती भरायचं काम त्या रोपवाटिकेत नव्या माणसाला देत.

अण्णांनी मला फोनवर कारण सांगितलं होतं. “चाकू गेला गो. पातं झिजलं, आता त्यात दम नाय. नवा आला की होईल सगळं सुरळीत.”

मी तेव्हा पुण्यात एका प्रयोगशाळेत होते. पोलादाचे नमुने येत आणि त्यांची कठिणता, त्यांची अंतर्गत रचना तपासून आम्ही अहवाल देत असू. कोणत्याही कारखानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा पगार मिळवण्याचा मार्ग होता. अण्णांचं विधान मात्र मी तपासलं नाही. जगातला उत्तम घडीचा चाकू शोधायचा एवढंच मला त्यातून ऐकू आलं, आणि तो शोधायला माझ्यापेक्षा लायक व्यक्ती त्या घरात दुसरी नव्हती.

रविवार पेठेत पोरवाल नावाचे एक गृहस्थ परदेशी हत्यारं ठेवत. त्यांनी पहिल्याच दिवशी मखमलीच्या पेटीतला एक चाकू माझ्यासमोर उघडला.

“हा घ्या, मॅडम. कठिणता साठ. दाढी करा ह्यानं.”

“प्रमाणपत्र आहे?”

“पेटीवर छापलंय की.”

“पेटीवर काहीही छापता येतं.”

अनामत ठेवून मी तो प्रयोगशाळेत नेला आणि चार दिवसांनी परत आणला. “साठ नाही, सत्तावन्न आहे. आणि धारेला दोन ठिकाणी सूक्ष्म कपचे आहेत. भिंगाखाली दिसतात.”

पोरवालांनी पेटी हळूच मिटली. “मॅडम, तुम्ही चाकू घेताय की सून बघताय?”

असे अकरा चाकू मी पाहिले आणि त्यांतला एक निवडला. कठिणता साठ, धार निर्दोष, पातं बंद होऊन बोट कापू नये म्हणून बिजागरीला खटका. जूनच्या सुरुवातीला तो घेऊन मी गावी गेले. अण्णांनी पातं डोळ्यांसमोर आडवं धरलं आणि लगेच खाली ठेवलं.

“दोन्ही बाजूंनी उतार हाय ह्याला. हा काडी चिरंल. पाचर सरळ नाय निघायची. एक बाजू सपाट लागते.”

ते बरोबर होतं. चाकू कशासाठी हवा आहे हे विचारण्याआधी मी त्याची कठिणता मोजली होती. ही चूक मी वहीत लिहिली.

दुसरा चाकू मी एका बाजूनं सपाट असलेला आणला. अण्णांनी तो उघडला, मिटायला गेले आणि थांबले. “हा खटका दाबायला दुसरा हात लागतो. दुसऱ्या हातात काडी असते. ती काय दातात धरू?”

मांडवातल्या बायका हसल्या. सुगंधा म्हणाली, “धरा की अण्णा, अजून आहेत तेवढे दात.”

“तुझे मोजून ठेव आधी,” अण्णा म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. खटक्याचंही बरोबर होतं. तेही मी लिहून घेतलं.

तिसऱ्या चाकूत खटका नव्हता. पातं एका बाजूनं आरशासारखं सपाट होतं, आणि ते मांडीवर दाबून एका हातानं मिटत होतं. कलमांसाठीच घडवलेला चाकू होता तो. पोरवालांनी तो मुंबईहून मागवून घेतला, आणि मला तो देताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. किंमत मी अण्णांना सांगितली नाही. त्याच्याविरुद्धची तक्रार होती, मूठ जाड आहे.

ती खोडून काढल्यावर तक्रार बदलली. पातं थंड लागतं. मग वजन पुढे जातं. मग काडीत घुसताना तो ‘बोलत’ नाही.

“बोलत नाही म्हणजे काय, अण्णा?”

“जुना बोलतो. कळतं हाताला.”

“काय कळतं? कोणत्या बोटाला? कधी? पातं सालीतून लाकडात शिरतं तेव्हा?”

“तुला नाय कळायचं.”

हे वाक्य मला जितकं डाचत असे, तितकं दुसरं कोणतंच डाचत नसे. पहिल्या दोन तक्रारी तपासता येण्याजोग्या होत्या, नंतरच्या नव्हत्या. हा फरक माझ्या वहीत अगदी स्पष्ट दिसत होता. मी त्याचा अर्थ असा लावला की अण्णा हट्टी झाले आहेत.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “वाद नको. मोजू या.”

त्याच दुपारी मी खातूशेटांपुढे योजना मांडली. माणसं दोन, अण्णा आणि सुगंधा. चाकू दोन, जुना आणि नवा. प्रत्येकानं प्रत्येक चाकूनं शंभर कलमं बांधायची. काड्या एकाच झाडाच्या, एकाच सकाळी कापलेल्या. पट्टी सगळ्यांना पांढरी, म्हणजे पाणी घालणाऱ्याच्या किंवा मोजणाऱ्याच्या मनात पक्षपात यायला नको. ओळख पटावी म्हणून प्रत्येक पिशवीला अॅल्युमिनियमचा क्रमांक, आणि कोणता क्रमांक कोणाचा ते फक्त माझ्या वहीत.

खातूशेटांनी चष्मा काढून पुसला. “कशाला एवढा व्याप, उर्मिलाताई? एक हंगाम जाऊ दे असाच. नव्या चाकूची सवय व्हायला वेळ लागतो माणसाला.”

“सवय लागते की नाही, हेही त्यातून कळेल.”

“मला नको घेऊ त्यात,” सुगंधा म्हणाली. तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. “मला जमायचं नाय ते नंबराचं.”

“तुला फक्त बांधायचं आहे. नंबर मी लावीन.”

“पण पट्टी तरी आमची आमची असू दे.”

“तेच तर नको आहे.”

ती अण्णांकडे बघत राहिली. अण्णा नव्या चाकूची घडी घालून उघडत होते, पुन्हा घालत होते. मग म्हणाले, “बांधू. पोरगी एवढ्या लांबून येते. बांधू की.”

दोन दिवस काम चाललं. माझ्या असण्याचा परिणाम निकालावर होऊ नये म्हणून मी मुद्दाम मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून बसले. भरलेल्या पाट्या येत, मी क्रमांक अडकवून त्या ओळीत लावत असे. त्या दोन दिवसांत अण्णांच्या हातांकडे मी एकदाही पाहिलं नाही. तसं न पाहण्याचा मला अभिमान होता.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मोजणी झाली. फुटवा आलेली कलमं सुगंधा आणि मी वेगळी काढत गेलो, खातूशेट क्रमांक वाचत गेले. अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. मोजून झाल्यावर मी वही उघडली आणि तिथल्या तिथे बेरजा मांडल्या.

“जुन्या चाकूनं बांधलेल्या दोनशेंपैकी जगली एकशे सतरा. नव्या चाकूनं बांधलेल्या दोनशेंपैकी एकशे बावीस. हा फरक नगण्य आहे. चाकूंमध्ये फरक नाही.”

“झालं तर मग!” खातूशेट टाळी वाजवून म्हणाले. “दोन्ही चाकू चांगले. सुगंधा, चहा टाक गो.”

“थांबा, अजून अर्धा निकाल राहिलाय,” मी म्हणाले.

“राहू दे की तो,” सुगंधा म्हणाली.

अर्धा निकाल वाचून वही मिटणं मला कोणी शिकवलं नव्हतं. मी वाचला. “सुगंधा. जुना चाकू, शंभरात शहाऐंशी. नवा, अठ्ठ्याऐंशी. अण्णा. जुना, एकतीस. नवा, चौतीस.”

मी पुन्हा बेरीज तपासली. ती बरोबर होती.

“यंदा पाऊस फार झाला,” खातूशेट म्हणाले.

“पाऊस सगळ्या पिशव्यांवर सारखाच पडला.”

“काड्या निबर होत्या जरा,” सुगंधा म्हणाली.

“काड्या एकाच झाडाच्या होत्या. तू त्याच वापरल्यास.”

“आमची बाजू वाऱ्याच्या तोंडाला—”

“पिशव्या मी मिसळून लावल्या होत्या, सुगंधा. बाजू असं काही नव्हतंच.” माझा आवाज चढला होता. दोन महिने मी तपासता न येणारी कारणं ऐकत होते. आता तपासलेला निकाल समोर असतानाही ही माणसं पुन्हा तेच करत होती, आणि माझा संयम संपला होता. “मुद्दा साधा आहे. अडचण चाकूची नव्हती. पात्यात काहीही दोष नाही.”

“नाय ना?” अण्णांनी विचारलं.

“नाही.”

“मग बरोबर हाय.” ते खातूशेटांकडे वळले. “तिनं मोजलंय, शेट. ती मोजण्यात चुकत नाय.” त्यांनी हातातला जुना चाकू मिटला, पाटावर ठेवला, पिंपातल्या पाण्यानं हात धुतले आणि फाटकाच्या दिशेनं चालू लागले. जेवायच्या वेळेला अजून दीड तास होता. कामाच्या मध्येच अण्णा रोपवाटिकेतून बाहेर पडताना त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

खातूशेट ऑफिसात गेले. मी वहीतला एक आकडा पाहत उभी राहिले, कारण तो मला जुळत नव्हता. मागच्या हंगामात बासष्ट आणि आता चौतीस. एका वर्षात निम्म्यावर? घसरण इतकी तीव्र असायला नको होती. हे मी सुगंधाला बोलून दाखवलं.

तिनं हातातली पाटी जमिनीवर आदळली.

“बासष्ट कुठं होती? कधीच नव्हती बासष्ट!”

“मग निळ्या पट्टीची मोजली ती कोणाची?”

“माझी. निळी पट्टी मीपण बांधत होते, ताई. माझी लाल बांधून झाली की निळी बांधायची, आणि त्यांच्या पाटीत ठेवायची.”

“खातूशेटांना फसवून?”

“मला निळं रीळ दिलं कोणी? रिळं शेटच्याच कपाटात असतात. पिशव्यांचं बोलले ते चारचौघांत बोलावं लागतं म्हणून.”

“आणि अण्णांना हे माहीत नव्हतं?”

“आपण दिवसभरात किती बांधली ते माणसाला ठाऊक नसतं होय?” ती आता रडत होती, आणि रडण्याचाही तिला राग येत होता. “त्यांची बोटं बधिर झालीत. दोन वर्षं झाली. पातं कुठं टेकलंय ते कळत नाय त्यांना, म्हणून दोन-दोनदा फिरवतात. इथं सगळ्यांना ठाऊक आहे. कोण बोललंय? तुम्ही एवढे दोन दिवस इथं बसलात, एकदा वळून तरी बघायचं.”

“मग चाकूचं सगळं?”

“काहीतरी म्हणायला लागतं ना, ताई.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “नवा चाकू यायचा होता, तोवर चाललं असतं. तो आवडला नसता, अजून एक यायचा होता. दोन-तीन हंगाम निघाले असते. मग ते आपले आपण म्हणाले असते, आता वय झालं.”

मी पोलादाची माणूस. जोडावर भार कुठून कसा जातो हे मला रेखाटून दाखवता येतं. त्या मांडवातला भार तीन माणसांनी दोन वर्षं मिळून तोलून धरला होता, आणि चौथं माणूस मापं घेऊन आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपवाटिकेत गेले तेव्हा अण्णा माझ्या आधी पोचले होते. मातीच्या ढिगाशी बसून ते पिशव्या भरत होते. खातूशेट त्यांच्याशेजारी उभे होते. “अहो यशवंतराव, असं काही नाही, मी बोललोय का काही?” असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. अण्णा मान हलवत होते आणि पिशवीचा तळ मुठीनं दाबत होते. माती दाबायला बोटांना कळावं लागत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

खातूशेट गेल्यावर मी ढिगाच्या पलीकडे बसले. रात्रभर जागून मी जे जुळवलं होतं, ते बोलायला सुरुवात केली.

“अण्णा, कालच्या प्रयोगात एक उणीव राहिली.”

“कसली?”

“नमुना लहान होता. शंभरावर इतका मोठा निष्कर्ष काढायचा नसतो. मी घाई केली.”

त्यांनी मातीतला एक खडा निवडून बाजूला टाकला. माझ्याकडे बघितलं. माझे वडील चौथीपर्यंत शिकले होते, पण मी कधी अभ्यास करून आले आहे आणि कधी नाही, हे त्यांना नेहमी माझ्या चेहऱ्यावरून कळत असे.

“मग किती पायजे होती?”

“निदान चारशे. प्रत्येक चाकूला चारशे.”

“चारशे.” त्यांनी तो आकडा तोंडात घोळवला. हातातली पिशवी अर्धी भरून तशीच मांडीवर राहिली. मग एखादं गणित समजून घेणाऱ्या विद्यार्थ्यासारखं, अगदी सरळ त्यांनी विचारलं, “चारशे बांधली, तर आकडा बदलंल?”

उत्तर मला पाठ होतं. चारशे घेतली असती तर शंभरातल्या चौतीसचे तीस झाले असते किंवा अडतीस. ते शहाऐंशी कधीच झाले नसते. ‘हो’ म्हणायला मला काही अडचण नव्हती. समोर ना खातूशेट होते, ना सुगंधा. वहीही मी घरी ठेवून आले होते. अण्णा माझ्याकडे बघत वाट पाहत होते, आणि मी जे सांगेन ते ते मानणार होते. आयुष्यभर त्यांनी मानलं होतं.

“फारसा नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पिशवीत उरलेली माती भरली.

ह्याला आता बावीस वर्षं झाली. त्यानंतर अण्णा चार हंगाम तिथे पिशव्या भरत होते, आणि त्या चाकूंविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्या सकाळी मी त्यांना पूर्ण ‘नाही’ म्हणाले नाही, ‘फारसा’ एवढा एक शब्द त्यात घातला. माझ्याकडून तेवढंच झालं.